धरणारी आणि सोडणारी वीट

श्रोतेहो, दिवाळी जवळ आली की आपल्याकडे अंगणाअंगणांत पोरे माती कालवू लागतात. दगडांचा ढीग, त्यावर पोते, पोत्यावर चिखल. मग बुरूज, तटबंदी, एखादे भुयार, आणि उतारावर पेरलेले अळीव. कुंभाराकडून आणलेले शिवाजीमहाराज गडावर बसतात, मावळे वाटेवर उभे राहतात. हा किल्ला पाहण्यासाठी असतो. आळीतल्या मंडळींनी यावे, वाकून पाहावे, "वा, झकास झालाय" म्हणावे, एवढेच त्याचे काम. मावळा दरवाज्यापेक्षा उंच असला तरी कोणाची तक्रार नसते, कारण मावळा जागचा हलत नाही.

पण समजा, त्या मावळ्याला दरवाज्यातून आत जायचे आहे. मग काय करायचे?

माझ्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. एका लहान गावात शिकवतात. त्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला काही रक्कम दिली, आणि ती पोरांच्या खेळण्यांवरच खर्चायची अशी अट घातली. काय आणावे यावर चर्चा झाली आणि सर्वांचे मत पडले ते प्लॅस्टिकच्या जोडविटांवर. ज्यांना पोरे सरसकट 'लेगो' म्हणतात त्या. एकमत मात्र तिथेच संपले. मुख्याध्यापक म्हणाले, "एकच मोठा संच आणू. राजवाडा नाहीतर रेल्वेचं स्टेशन. एकदा नीट जोडला की काचेच्या कपाटात ठेवू. आल्यागेल्याला दाखवता येईल." गुरुजी म्हणाले, "दाखवता येईल हो, पण पोरांनी हात कधी लावायचा? मला त्यांच्याकडून सिनेमा करून घ्यायचाय. एक फोटो काढायचा, माणूस जरासा सरकवायचा, पुन्हा फोटो." मुख्याध्यापकांना यात नुसत्या हरवलेल्या विटा दिसत होत्या, आणि खरे सांगायचे तर तेही काही चूक नव्हते. पैसे एकदाच मिळाले होते. चुकीचा संच आणला तर दुसरा येणार नव्हता. गुरुजींनी मला विचारले, "तुम्ही सांगा, कोणता घेऊ?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. खेळण्यातली वीट आज जशी आहे तशी ती का झाली, हे पाहिल्यावाचून उत्तर देता येणारही नव्हते. म्हणून आज तुम्हांला थोडे नाशिकला, थोडे जर्मनीला आणि बरेचसे डेन्मार्कला घेऊन जाणार आहे.

आधी तो सिनेमा म्हणजे काय ते पाहू. पडद्यावर चित्र हलते असे आपल्याला वाटते. वास्तविक तिथे एकही चित्र हलत नसते. स्थिर चित्रे एकामागून एक झरझर पुढे येतात आणि डोळ्याला फसवतात. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण 16 चित्रे जात. बोलपट आल्यावर 24 झाली. आता ही चित्रे सलग न घेता थांबूनथांबून घेतली, आणि दर दोन चित्रांच्या मध्ये समोरची वस्तू हाताने किंचित हलवली, तर पडद्यावर ती वस्तू आपण होऊन चालू लागते. काठी चालते, बूट चालतो, भाकरी चालते. याला स्टॉप-मोशन म्हणतात.

ही करामत आपल्याकडे फार लवकर आली, आणि ती आणणारा माणूस आपल्याच मातीतला होता. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके, 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. 1912 मध्ये ते लंडनला जाऊन सिनेमाचे तंत्र पाहून आले आणि येताना विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची मागणी नोंदवून आले. कॅमेरा आला, पण चित्रपट काढायला लागणारा पैसा कुठून आणायचा? सावकाराला नुसत्या बोलण्यावर विश्वास बसेना. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी लावले, समोर कॅमेरा रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे घेत राहिले. पडद्यावर पाहणाऱ्यांना दिसले ते असे: माती फुटते, अंकुर डोके वर काढतो, पाने उलगडतात आणि बघता बघता वेल होतो. या छोट्या चित्राचे नाव 'अंकुराची वाढ'. ते पाहून कर्ज देणारे भेटले, आणि पुढच्याच वर्षी, 3 मे 1913 रोजी, मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. भारतीय चित्रपटाला पहिले भांडवल मिळाले ते असे एका कुंडीच्या जोरावर.

वाटाण्याला हलवावे लागत नव्हते, तो आपला वाढत होता. पुढची पायरी 1915 ची. त्या वर्षी फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. फ्रान्समध्ये एमिल कोल या चित्रकाराने 1908 मध्ये आगकाड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. फाळक्यांनी इकडे नाचवल्या. काडीपेटीतल्या काड्यांनी चालायचे आणि आकार धरायचे. खर्च किती? काडीपेटीचा. पण मेहनत? ती करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी एकदा नातवाबरोबर बसून करून पाहिली. काडी आडवी ठेवली तर नीट राहते. उभी करायला गेलो की पडते. एक सरकवताना शेजारची दोन हलतात. खिडकीतून वारा आला की सगळेच मुसळ केरात.

म्हणजे अडचण कॅमेऱ्याची नव्हती, वस्तूची होती. या कामाला अशी वस्तू हवी की जी ठेवली तिथे राहील, आणि हलवली की तेवढीच हलेल. जुन्या लोकांनी यासाठी नाना खटपटी केल्या. व्लादिस्लाव स्तारेविच नावाचा एक पोलिश वंशाचा गृहस्थ कीटकांचा अभ्यासक होता. त्याला भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती, पण दिव्यांच्या उजेडात जिवंत भुंगेरे सुस्त पडत. शेवटी त्याने मेलेल्या भुंगेऱ्यांचे पाय काढून लाखेने तारेचे पाय चिकटवले आणि त्यांच्याकडून अभिनय करवून घेतला. 1912 मधले त्याचे एक चित्र आजही पाहायला मिळते. त्यात एक नाकतोडा भुंगेऱ्याच्या चोरट्या प्रेमप्रकरणाचा सिनेमा काढतो! सांगायचे ते एवढेच की तारेवाचून त्याचे चालले नाही.

आता विटांकडे वळू.

खेळण्यातल्या विटेचा मान शिक्षणात वाढवला तो जर्मनीच्या फ्रीडरिख फ्रोबेलने. आपल्या शिक्षकांना हे नाव नवे नाही. त्याने 1837 मध्ये थुरिंगियातल्या ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि 1840 मध्ये त्याला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. मुलांच्या हाती क्रमाने द्यायच्या वस्तूंना तो 'देणग्या' म्हणे. तिसरी देणगी म्हणजे एका लहान पेटीत बसणारे आठ लाकडी ठोकळे. आठ मिळून दोन इंची घन. चौथीत त्याच मापाच्या पेटीत आठ चपट्या विटा. नियम मोठा गमतीचा होता. पेटी पालथी घालून अलगद उचलायची, म्हणजे ठोकळे एकसंध घन होऊन पुढे येतात. मग जे करायचे ते सगळे ठोकळे वापरून करायचे, एकही बाजूला टाकायचा नाही. आणि एक आकार धाडकन पाडून दुसरा करायचा नाही. पहिल्यातलेच ठोकळे सरकवत सरकवत दुसरा घडवायचा. खुर्चीची पायरी होते, पायरीची कमान. खेळ संपला की पुन्हा घन करून पेटीत.

मंडळी, हे वाचताना मला दर वेळी वाटते की फ्रोबेलच्या वर्गात फक्त कॅमेरा नव्हता. बाकी स्टॉप-मोशनच चालले होते!

अमेरिकेचे नामवंत वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांना त्यांच्या आईने लहानपणी हे ठोकळे दिले होते. ती 1876 मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात गेली होती, तिथे तिने ते पाहिले. म्हातारपणीही ते ठोकळे आपल्या बोटांत आहेत असे राइट सांगत. पण याच ठोकळ्यांचा दुसरा एक वंश निराळ्या वाटेने गेला, आणि आपल्या मुख्याध्यापकांना आवडला असता तो हाच.

ओटो आणि गुस्टाव लिलिएन्थाल या जर्मन भावांनी वाळू, खडू आणि जवसाचे तेल यांचे मिश्रण दाबून दगडासारखे ठोकळे तयार केले. धंदा त्यांना जमला नाही. रुडोलश्टाट गावच्या रिख्टर नावाच्या कारखानदाराने ती कृती विकत घेतली आणि 1880 नंतर हे 'अँकर' ठोकळे जगभर विकले. तीन रंग: विटेचा लाल, वालुकाश्माचा पिवळसर, पाटीचा निळा. त्यांचे चर्च, पूल, किल्ले पाहावेत तर डोळ्यांचे पारणे फिटते. ओटो लिलिएन्थाल पुढे पंख लावून टेकडीवरून उडू लागला. हवेत तरंगणाऱ्या विमानांच्या इतिहासात त्याचे नाव आहे. 1896 मध्ये अशाच एका उड्डाणात पडून तो गेला. ठोकळे मात्र चालू राहिले. मधल्या काळात, 1963 मध्ये, कारखाना बंद पडला आणि 1995 मध्ये त्याच गावी पुन्हा सुरू झाला.

या दगडी ठोकळ्यांना धरून ठेवणारे काही नाही. वजनाच्या जोरावर एकावर एक बसतात. म्हणून दिवाणखान्यात मांडून ठेवायला फार उत्तम, पण मनोऱ्याच्या खिडकीतली बाहुली हलवायला बोट घाला, म्हणजे मनोऱ्यासकट हातात येईल. नुसते पाहण्याचे खेळणे आणि हलवण्याचे खेळणे या दोन वाटा इथे फुटल्या. त्या पुन्हा एकत्र यायला डेन्मार्कमधल्या एका सुताराची गरज लागली.

ओले कर्क क्रिस्टियनसन हे त्या सुताराचे नाव. जन्म 1891 चा. जटलंड प्रांतातल्या बिलुंड या खेड्यात 1916 मध्ये त्याने सुतारशाळा विकत घेतली. शेतकऱ्यांची घरे बांधावीत, टेबलखुर्च्या कराव्यात, असा संसार. मग जगभर मंदी आली. शेतकऱ्याकडे पैसा नाही तर सुताराकडे कुठून येणार? 1932 मध्ये त्याने शिड्या, इस्त्रीच्या फळ्या अशा लहान वस्तूंबरोबर लाकडी खेळणी करायला घेतली. त्याच सुमारास पत्नी वारली. पदरात चार मुलगे. 1934 मध्ये खेळण्यांना नाव दिले 'लेगो'. डॅनिश भाषेत 'चांगले खेळ' अशा अर्थाचे दोन शब्द आहेत, त्यांचा तो जोड. 1942 मध्ये कारखाना जळाला. पुन्हा उभा केला. गावचा सुतार कर्ज काढून उभा राहतो तसा राहिला.

1946 मध्ये या माणसाने प्लॅस्टिक वितळवून साच्यात दाबणारे यंत्र घ्यायचे ठरवले. लोकांना ते वेड वाटले असले पाहिजे. लाकडाचा धंदा चालू असताना हे कशाला? यंत्राबरोबर नमुना म्हणून काही प्लॅस्टिकच्या विटा त्याने पाहिल्या. त्या होत्या इंग्लंडच्या हिलरी फिशर पेज या खेळणीकाराच्या. त्याच्या 'किडिक्राफ्ट' कंपनीने 1947 मध्ये त्या बाजारात आणल्या. वर गोल गुंड्या, खालून पोकळ, एकीच्या पोकळीत दुसरीच्या गुंड्या बसायच्या. लेगोने 1949 मध्ये काढलेल्या विटा याच धर्तीच्या होत्या. मूळ कल्पना पेजची होती हे स्वच्छ सांगितले पाहिजे. तो 1957 मध्ये वारला. त्याच्या विटांचे हक्क लेगोने 1981 मध्ये विकत घेतले, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी. मोठ्या नावाखाली धाकटे नाव कसे दबते याचे हे एक उदाहरण. शिक्षकांनी वर्गात लेगोची गोष्ट सांगितली तर पेजचे नाव गाळू नये एवढी माझी विनंती आहे.

पण त्या 1949 च्या विटांत खोट होती. खालून नुसती पोकळ, म्हणून वरच्या विटेच्या कडांना खालच्या गुंड्या जेवढ्या टेकतील तेवढीच पकड. गवंडी भिंत रचताना सांधेमोड करतो, म्हणजे वरच्या विटेचा मध्य खालच्या सांध्यावर आणतो, तसे केले तर भिंत बरी उभी राहे. नाहीतर उचलताच सुटे. दुकानदार माल परत पाठवीत. ओलेचा मुलगा गॉटफ्रेड 1954 मध्ये बोटीने इंग्लंडला जात असता त्याला खेळणी खरेदी करणारा एक गृहस्थ भेटला. त्याची तक्रार होती की खेळण्यांत कसली संगतीच नसते. एक घेतले की त्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. गॉटफ्रेडने ते मनावर घेतले. 1955 मध्ये त्याने विटांची एक पद्धतशीर मालिका काढली, ज्यात आजचा डबा कालच्या डब्याला जोडता यावा. पकड मात्र अजून सैलच होती.

तोड निघाली ती साधी होती. विटेच्या पोटात तीन पोकळ नळ्या घातल्या. आता खालची गुंडी वरच्या विटेच्या भिंतीला आणि नळीला, अशी दोन्हीकडून चेपून बसू लागली. विटा कशाही, कुठेही, आडव्या-उभ्या जोडा, घट्ट. आणि लहान मुलाने ओढली तरी सुटणार. 28 जानेवारी 1958 रोजी दुपारी 1 वाजून 58 मिनिटांनी कोपनहेगनमध्ये या रचनेच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, 11 मार्चला, म्हातारा ओले कर्क वारला. 1960 मध्ये लाकडी खेळण्यांचा विभाग आगीत गेला तेव्हा मुलाने लाकूड कायमचे सोडले. 1963 पासून विटांचे प्लॅस्टिक बदलले. आधीचे कालांतराने वाकडे होई, नवे आकार सोडीत नसे. त्यामुळे 1958 नंतरची वीट आजच्या विटेला बसते. आजोबाची वीट नातवाच्या विटेला बसावी, असे दुसरे खेळणे मला चटकन आठवत नाही.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक आकडा सांगतो. आठ गुंड्यांच्या एकाच रंगाच्या दोन विटा 24 प्रकारे जोडता येतात. सहा विटा? 91 कोटी 51 लाख 3 हजार 765 प्रकारे. मुलांना आधी अंदाज करायला सांगा, मग आकडा फळ्यावर लिहा.

धरणे आणि सोडणे हे दोन्ही गुण एका वस्तूत आले की थांबूनथांबून सिनेमा घेणाऱ्याला आणखी काय हवे? आगकाडी पडत होती, भुंगेऱ्याला तार लागत होती. वीट आपोआप उभी. तरी कारखान्याला हे सुचले नव्हते, सुचले ते मुलांना. 1973 मध्ये डेन्मार्कमधल्या दोन चुलतभावांनी घरच्या लहान फिल्म-कॅमेऱ्यावर चंद्रावरच्या सफरीचे चित्र विटांनी केले. या प्रकारातले आज माहीत असलेले ते सर्वांत जुने चित्र. माणूस चंद्रावर उतरून तेव्हा चारच वर्षे झाली होती. आणि गंमत अशी की त्या वेळी विटांना जोडता येणारी, हातपाय हलवणारी छोटी माणसे निघालीही नव्हती. ती आली 1978 मध्ये. उंची सुमारे चार सेंटिमीटर, म्हणजे साधारण चार विटा. खांद्यातून हात फिरतात, कमरेतून पाय, मान वळते, मूठ धरते. गुडघा नाही. तळव्याला भोके, ती गुंड्यांवर घट्ट बसतात. सुरुवातीला सगळ्यांचा चेहरा एकच, दोन ठिपके आणि एक हसू. 1989 मध्ये समुद्री चाच्यांचा संच निघाला तेव्हा कुठे दाढीमिश्या आणि निरनिराळे भाव आले.

याच सुमारास, 1985 ते 1989 या काळात, ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी लिंडसे फ्ले या तरुणाने 16 मिलिमीटरच्या फिल्मवर 'द मॅजिक पोर्टल' हे चित्र केले. एका चित्राला चार वर्षे! 2000 मध्ये कंपनीने स्वतःच, दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांचे नाव लावून, संगणकाला जोडायच्या लहान कॅमेऱ्यासह सिनेमा करण्याचा संच विकायला काढला. 2014 मध्ये 'द लेगो मूव्ही' आला. तो जवळजवळ सगळा संगणकावर घडवलेला होता, पण विटा हातानेच सरकवल्यासारख्या दिसाव्यात म्हणून चाल मुद्दाम किंचित अडखळती ठेवली होती. यंत्राने हाताची नक्कल करावी, याला काय म्हणावे!

असो. गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांना मी जे सांगितले ते असे.

मांडून ठेवायचा संच घ्यायचा असेल तर तो एका नजरेत भरला पाहिजे. मोठी इमारत, बारीक नक्षी, चारी बाजूंनी पूर्ण. हजार हजार तुकडे असतात. त्याचे सुख जोडण्यात आहे आणि नंतर पाहण्यात आहे. ते सुख खोटे नव्हे. पण सिनेमाला यातले तीन चतुर्थांश वाया. कॅमेऱ्याला एका वेळी एक-दोन भिंती दिसतात. तिसरी आणि चौथी असली तर उलट आड येते, हात आत जात नाही. तेव्हा सिनेमासाठी मागची बाजू उघडी असलेले घर हवे, किंवा सरळ सुट्या विटांचा डबा हवा, ज्यातून लागेल तेवढीच भिंत रचता येते आणि उद्या तीच भिंत विहिरीचा कठडा होते. माणसे तीन-चार तरी हवीत. डोकी अदलाबदल करता येतात, म्हणून एका पात्राला हसरे आणि रागावलेले अशी दोन डोकी मिळाली तर नटाला अभिनय येतो. एक गुंड्यांचा पाट हवा. 32 गुंड्या लांब-रुंद पाट सुमारे 25 सेंटिमीटरचा भरतो, आणि तो टेबलाला चिकटवून टाकायचा.

आता चालीचे गणित. दोन गुंड्यांमधले अंतर 8 मिलिमीटर. गुरुजी म्हणाले, "दर फोटोला एक गुंडी पुढे, सोपं आहे." मी म्हटले, जरा थांबा. सेकंदाला 12 चित्रे धरली, मुलांना तेवढी पुरतात, तर माणूस सेकंदात 96 मिलिमीटर जाईल, म्हणजे स्वतःच्या उंचीच्या जवळजवळ अडीचपट. आपण नेहमीच्या चालीने सेकंदाला आपल्या उंचीच्या पाऊणपटीच्या आसपासच जातो. तुमचा पोस्टमन पत्र द्यायला नव्हे, कुत्रे मागे लागल्यासारखा धावेल. चालायला हवा असेल तर तीन चित्रांमागे एक गुंडी. पण मग तो दोन चित्रे थांबतो आणि तिसऱ्याला उडी मारतो. म्हणून वाटेवर गुंड्या नसलेल्या गुळगुळीत चपट्या फरश्या बसवायच्या आणि त्यावरून त्याला दर चित्राला अडीच-तीन मिलिमीटर सरकवायचे. थांबायचे असेल तिथे तेवढी गुंडी ठेवायची. अशा पंधरा-वीस फरश्या असलेला साधा संच मला नुसत्या राजवाड्यापेक्षा मोलाचा वाटतो.

विकत घेताना पकड पाहावी. विटेच्या मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली. आता बरेच कारखाने त्याच मापाच्या विटा करतात, काही चांगल्या, काही नुसत्या स्वस्त. दहा विटा एकावर एक बसवून वरची धरून उचला. खालची गळता कामा नये. मग सहा-सात वर्षांच्या मुलाला त्या सोडवायला द्या. त्याने दात लावला तर ती वीटही कामाची नाही.

आणि उजेड. 1908 च्या सुमारास इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपर याने खेळण्यांचा एक रस्ता उघड्यावर मांडून चित्रित केला. मोटारी धावतात, अस्वल फिरते, सगळे मजेचे. पण सूर्य काही कॅमेऱ्यासाठी थांबत नाही, आणि मधल्या वेळात सरकलेल्या सावल्या पडद्यावर दिसत राहतात. तेव्हा खिडकी बंद आणि दिवा एकच. प्लॅस्टिक चकाकते, समोर पांढरा सदरा घातलेला गुरुजी उभा राहिला तर तोही भिंतीत दिसतो. हलताना फोन हलू नये म्हणून त्यालाही विटांचीच चौकट करावी.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, आमच्या शाळेला वर्गणी कोण देणार? त्यांना ताराबाई मोडकांची आठवण करून देतो. ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला बालवाड्या चालवल्या. माँटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर कुठून आणायची? त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या हातात घेतल्या आणि त्यांचीच साधने केली. बियांची रांग चालवता येते. खडा गडगडवता येतो. चिखलाचा गोळा उभा राहतो आणि वाकतोही. फाळक्यांच्या हाती तर आगकाड्याच होत्या.

गुरुजींनी शेवटी सुट्या विटांचे दोन डबे, एक पाट, थोड्या फरश्या आणि चार माणसे आणली. मुख्याध्यापक आठवडाभर नाराज होते. मुलांनी विषय निवडला गावच्या विहिरीवरच्या भांडणाचा. चौदा सेकंदांच्या चित्राला 168 फोटो. साठाव्या फोटोला कोणाचे तरी कोपर टेबलाला लागले आणि पहिल्यापासून सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी पंख्याने कागदाचे आभाळ उडाले. तिसऱ्या दिवशी धूळ. पोरे हिरमुसली, आणि गुरुजी मला म्हणाले, "आता सोडून द्यावंसं वाटतंय."

तेव्हा मुख्याध्यापकांनी काचेच्या कपाटातल्या ढाली आणि जुने अहवाल स्वतः काढून खाली ठेवले. मधला खण मोकळा केला, पाट आत चिकटवला, वर एक दिव्याची पट्टी लावली. कपाट भिंतीला ठोकलेले, कोपर लागून हलत नाही. वारा नाही, धूळ नाही. शाळा सुटली की दार लावायचे, सकाळी उघडायचे. माणसे काल होती तिथेच उभी असतात. मी गेलो होतो तेव्हा चित्र पुरे व्हायला अजून चाळीस फोटो बाकी होते, आणि कपाटाची किल्ली चौथीतल्या एका मुलीकडे होती.